प्रसूती कोणी केली

लालबाग, बुऱ्हाणपूर
१० जून २०२५

डॉक्टर श्रीकांत ठोसर यांस,

सोमवार, ९ जून २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. सूर्यकन्या हॉस्पिटल, पहिला मजला, नर्सेसच्या टेबलासमोर. माझी भाची शीतल नारखेडे हिने दिलेला अर्ज तुम्ही उभ्या उभ्या वाचला, त्याची घडी घातली आणि तिच्या हातातल्या ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये, वापरलेल्या कापसावर ठेवून दिला. मग दोन नर्सेस आणि एका पेशंटच्या सासूबाईंसमोर तिला विचारलंत, "आजवर किती डिलिव्हरी केल्यास तू? रजिस्टर आण आणि एकीपुढे तरी तुझं नाव दाखव."

खंडव्याच्या कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर म्हणत, तारीख आणि वेळ नसेल तर ती तक्रार नव्हे, कुरकुर. म्हणून आधी वेळ लिहिली.

शीतलने मला यातलं एक अक्षर सांगितलेलं नाही. मला त्या दोन नर्सेसपैकी कविताने सांगितलं. कविता तिथेच उभी होती आणि तिला रडू आवरेना म्हणून ती जिन्यात गेली. शीतल रडली नाही. ती ट्रे घेऊन सात नंबरच्या खाटेकडे गेली आणि तिने टाके साफ केले.

अर्जात तिने काय मागितलं होतं? इंदूरला नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफरीचा दीड वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तो केलेली नर्स साधी प्रसूती पहिल्या कळेपासून शेवटपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळू शकते. शीतलची निवड झाली आहे. तिला फक्त दोन कागद हवेत: पाच वर्षं लेबर रूममध्ये काम केलं आणि स्वतःच्या हातांनी प्रसूती केल्या याचं प्रमाणपत्र, आणि नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र. सोमवारी, ३० जूनला ते कागद तिथे पोचले नाहीत तर जागा दुसरीला जाईल.

आता त्याच दिवसाची सकाळ. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी बुधवाऱ्यातल्या एका बाईच्या बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. तुम्ही घरी होता. शीतलने बाईचे गुडघे पोटाशी आणले, कविताला ओटीपोटावर दाब द्यायला लावलं आणि बाळ सुखरूप बाहेर काढलं. तुम्ही सहा पंचावन्नला आलात, बाळाच्या आजीकडून पेढा घेतलात. साडेनऊ तासांनी त्याच मुलीला विचारता की तू डिलिव्हरी कधी केलीस.

मी या दवाखान्यात चौतीस वर्षं होते, त्यांतली सव्वीस मेट्रन. लेबर रूममधलं काम कोण करतं हे मला कोणी शिकवू नये. शीतलला तिचे दोन्ही कागद द्या आणि जिथे अपमान केलात तिथेच उभं राहून तिची माफी मागा.

फोन करू नका. तुमचा आवाज तुमच्या वडिलांसारखा गोड आहे आणि मी गोड आवाजाने विरघळते अशी तुमची लहानपणापासून समजूत आहे. जे सांगायचं ते कागदावर.

वैजयंती नारखेडे
निवृत्त मेट्रन


बुऱ्हाणपूर
१३ जून २०२५

आदरणीय सिस्टरमावशी,

तुमच्या पत्रात "डॉक्टर श्रीकांत ठोसर यांस" वाचून वाईट वाटलं. तुमच्या तोंडी मी शिऱ्या होतो. बाबा राउंडला असत तेव्हा तुमच्या खुर्चीत बसून मी डबा खायचो, तेही तुम्ही विसरलात.

कागद ट्रेमध्ये ठेवला ही चूक झाली, कबूल. दुसऱ्या हातात मोबाइल होता, लक्ष नव्हतं. शीतलला मी तसं सांगितलंय.

पण प्रमाणपत्राचं तुम्ही समजून घ्या. जे रेकॉर्डवर नाही त्याच्यावर मी सही कशी करू? "प्रसूती कोणी केली" या रकान्यात पाच वर्षांत शीतलचं नाव एकदाही नाही. उद्या कुणी चौकशीला आलं तर मी काय दाखवणार? "स्टाफ नर्स, वर्तणूक उत्तम" असं प्रमाणपत्र आजच तयार आहे, केव्हाही न्यावं.

आणि व्यवस्थेची परेशानी तुम्हाला मी काय सांगावी. यंदा तीन नर्सेस सरकारी नोकरीत गेल्या. शीतल गेली तर लेबर रूम बंद करायची वेळ येईल. असीरगढपासूनच्या बायका मग कुठे जातील? शिवाय नर्सच्या नावावर डिलिव्हरी म्हटलं की आपल्याकडे नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, डॉक्टर कुठे आहेत. ही गोष्ट इंदूरच्या अभ्यासक्रमात शिकवत नसतील.

तब्येतीला जपा. गुडघ्याचं कसं आहे?

आपला,
श्रीकांत


लालबाग
१४ जून २०२५

डॉक्टर,

गुडघा ठीक आहे. स्मरणशक्ती गुडघ्यापेक्षा बरी आहे.

रेकॉर्ड म्हणता, तर रेकॉर्डचंच बोलू. आमच्या गल्लीतल्या शारदाबाईंची नात १२ फेब्रुवारीला तुमच्याकडे झाली, सकाळी अकरा वीसला. तिच्या कार्डावर लिहिलंय: प्रसूती करणारे, डॉ. श्रीकांत ठोसर. त्याच सकाळी अकरा वाजता तुम्ही इंदूरच्या परिषदेत शाल-श्रीफळ घेत होता. फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला, शारदाबाईंनी तो कौतुकाने कापून ठेवलाय. एका हातात श्रीफळ, दुसऱ्या हातात शारदाबाईंची नात आणि मधे पावणेदोनशे किलोमीटर. तुमचे वडील हुशार होते, पण त्यांचेही हात एवढे लांब नव्हते.

मुलीला पकडलं कोणी, हे मी शारदाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या शीतलनेच की. आम्ही तिलाच साडी दिली." म्हणजे बाळंतिणीला ठाऊक आहे, तिच्या आईला ठाऊक आहे, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. माहीत नाही ते एका तुमच्या रजिस्टराला. खोट्या रजिस्टराकडे बोट दाखवून खऱ्या माणसाला खोटं ठरवणं याला व्यवस्था म्हणत नाहीत.

नर्सेस टिकत नाहीत म्हणून रडता. ज्या घरात सून रांधते आणि पाहुण्यांपुढे सासूचं नाव होतं, ती सून वेगळी चूल मांडणारच.

"वर्तणूक उत्तम" हे प्रमाणपत्र तुमच्याकडेच राहू द्या. तुम्हाला कधी लागलं तर असावं.

वैजयंती नारखेडे


बुऱ्हाणपूर
१८ जून २०२५

सिस्टर नारखेडे यांस,

मी आदराने लिहीत होतो. तुमचा आग्रहच असेल तर आता स्पष्ट लिहितो.

सोबत एक झेरॉक्स जोडली आहे. लेबर रूमच्या जुन्या सूचनावहीचं पान, तारीख १९ ऑगस्ट १९९६. हस्ताक्षर तुम्ही ओळखाल. तरी वाचायला सोपं जावं म्हणून खाली उतरवतो:

"आजपासून प्रसूती कोणीही केली तरी त्या रकान्यात डॉक्टरांचेच नाव लिहावे. कोणत्याही नर्सने स्वतःचे नाव लिहू नये. लिहिल्यास लेखी ताकीद मिळेल. वै. नारखेडे, मेट्रन."

तेव्हा मी चौथीत होतो. हा नियम मी केला नाही. मला तो तुमच्याकडून मिळाला. आजतागायत दवाखाना त्याच नियमाने चालतो. जे रजिस्टर तुम्हाला खोटं वाटतं ते पंचवीस वर्षं तुमच्या देखरेखीखाली लिहिलं गेलं. चौकशी मागायची असेल तर जरूर मागा. पहिलं नाव कोणाचं निघेल त्याचा विचार करून मागा.

आणखी एक. शीतलला मी लेबर रूम इन-चार्जची जागा देऊ केली आहे. तुमचीच खुर्ची, असं समजा. तीन वर्षं नोकरी न सोडण्याच्या करारावर तिने शनिवारपर्यंत, २८ तारखेपर्यंत सही करायची आहे. तिने विचार करायला वेळ मागितला. ही गोष्ट तिने तुम्हाला सांगितली नाही असं दिसतं.

डॉ. श्रीकांत ठोसर


लालबाग
१९ जून २०२५

शीतल,

तू तीन दिवस फोन उचलत नाहीस. क्वार्टरवर आले तर तुझ्या खोलीला कुलूप. म्हणून हे पत्र कवितापाशी देतेय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इन-चार्जचं खरं का? आणि सूचनावहीतल्या त्या नियमाखाली माझी सही आहे हे तुला आधीपासून माहीत होतं का?

त्या सोमवारी श्रीकांतने विचारलं तेव्हा तू गप्प का राहिलीस, हा तिसरा प्रश्न. त्याचं उत्तर मला वाटतं मला कळलंय, पण तू लिही.

आत्या


क्वार्टर नं. ३
२१ जून २०२५

प्रिय आत्या,

फोन मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं वाक्य अर्धं होतं आणि तुझा निकाल लागून जातो. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून बरं वाटतंय.

इन-चार्जचं खरं आहे. पप्पांना सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, घरच्या घरी मोठी पोस्ट, इंदूरला दीड वर्ष कशाला घालवते, आत्या पण तर इथेच मेट्रन झाली ना. केळीच्या गाड्या लागल्यात, त्यांना फुरसत नव्हती, पण दोनदा फोन करून विचारलं सही केली का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. हो, माहीत होतं. आत्या, तुला खरंच आठवत नाही?

२०२० चा फेब्रुवारी. माझा पहिला महिना. माझ्या हातून पहिली डिलिव्हरी झाली, मुलगा, पावणेतीन किलो. मी हात धुतले आणि रजिस्टरमध्ये "प्रसूती कोणी केली" च्या खाली शीतल नारखेडे लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून हळू हळू लिहिलं. तू राउंडला आलीस, ते पाहिलंस आणि लाल पेनने त्याच्यावर रेघ मारलीस. मला डॉक्टरसाहेबांचं नाव लिहायला लावलंस. आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "नाव कमवायचं असेल तर नाटकात जा."

सगळे हसले. मी पण हसले. त्यानंतर मी कधी माझं नाव लिहिलं नाही. दोनशेच्या वर डिलिव्हरी झाल्या असतील, मोजायचं पण सोडलं.

त्या सोमवारी सरांनी विचारलं, एकीपुढे तरी तुझं नाव दाखव. मी कोणतं पान दाखवू? तेच एक पान आहे, आणि त्याच्यावर तुझी रेघ आहे. सरांनी ते पाहिलं असतं तर तुझंच नाव खराब झालं असतं. म्हणून गप्प राहिले. ट्रेमधल्या कापसाचं मला इतकं नाही वाटलं जितकं त्याचं वाटलं.

तू सरांना एवढी कडक पत्रं लिहितेस. कविता सांगते की आख्ख्या स्टाफला माहीत आहे. पण तू त्यांना जे विचारतेस ना, ते मी तुला पाच वर्षांत विचारू शकले नाही.

मला इंदूरला जायचंय. त्या सकाळी खांदा अडकला तेव्हा मी जे केलं ते एका जुन्या सिस्टरचं पाहून पाहून शिकले होते. का करायचं ते कोणी नाही सांगितलं. मला ते शिकायचंय. पण कागदच मिळणार नसेल तर हातची पोस्ट का सोडू? नापास झाले म्हणून नाही, कागद नाही म्हणून तिथून परत यायचं, आणि इथे तेव्हा दुसरी कोणी बसलेली असेल.

तू चौतीस वर्षं नोकरी केलीस. तूच सांग मी काय करू. पण रागावून नको सांगू.

शीतल


लालबाग
२२ जून २०२५, सकाळ

शीतल,

तुझं पत्र चारदा वाचलं. रेघ मला आठवत नव्हती. आता आठवते. नाटकाचं वाक्यही आठवलं. तेव्हा ते मला चुरचुरीत वाटलं होतं.

मी चुकले. तुझी माफी मागते. मधे "पण" घालणार नाही.

नियम का केला ते सांगते, सबब म्हणून नव्हे. १९९६ च्या ऑगस्टमध्ये एक बाई बाळंत झाल्यावर रक्तस्राव थांबेना, गेली. डॉक्टर प्रभाकर, श्रीकांतचे वडील, शेतावर होते. ड्यूटीवर धुरपदाबाई होती, आमच्यातली सगळ्यांत हाताची हुशार नर्स. रजिस्टरात तिचं नाव. नातेवाइकांनी रजिस्टर उघडलं, नाव वाचलं आणि तिला केस धरून रस्त्यावर आणलं. मग दोन दिवस पोलीस ठाण्यात. तिने जे करता येईल ते सगळं केलं होतं. ती परत कामावर आली नाही. आठव्या दिवशी मी तो नियम लिहिला. डॉक्टर प्रभाकर म्हणाले, "माझंच नाव लिहा सिस्टर, मार खायचा तर मी खाईन." ते नाव ढालीसाठी होतं.

माणसं बदलली, ढाल तशीच राहिली, आणि तिच्यामागे तुम्ही सगळ्या दिसेनाशा झालात. हे मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर चार वर्षं मी कौतुकाचे नारळ मोजत बसले.

आता सल्ला. रागावलेली नाही.

खुर्चीचं म्हणशील तर मी त्या खुर्चीत सव्वीस वर्षं बसले. युनिफॉर्मच्या साड्यांचा हिशेब, ड्यूटीचे तक्ते, कोण रजेवर आणि कोणाचं कोणाशी भांडण. बाळाच्या डोक्याला हात लावायला मला शेवटच्या दहा वर्षांत फुरसत झाली नाही. इन-चार्ज झालीस की तुझी हुशारी तक्त्यात जाईल. आणि श्रीकांत ती खुर्ची तुझी किंमत कळली म्हणून देत नाहीये, तू जाऊ नयेस म्हणून देतोय. ती देऊ केल्याची तारीख पाहा.

तुझ्या पप्पाला मी बघते. समाधान माझा धाकटा भाऊ आहे, तीन केळ्यांत गप्प होतो.

कागद मिळेल की नाही हे मला माहीत नाही. मी खोटी खात्री देणार नाही. करारावर सही करायची तर ती भीतीने करू नकोस, एवढंच. ठरव आणि मला दोन ओळी लिही. मी त्यानंतरच श्रीकांतला उत्तर देईन, कारण या वेळी त्या उत्तरात माझ्याबरोबर तूही अडकशील.

आत्या


क्वार्टर नं. ३
२४ जून २०२५

आत्या,

करारावर सही करणार नाही. सरांना आज दुपारी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

आज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी एक डिलिव्हरी झाली. लालबागचीच बाई, मुलगी, तीन किलो. सर ओपीडीत होते. रजिस्टरमध्ये मी माझं नाव लिहिलं. कविता बघत होती, म्हणाली, "अगं वेडी झाली का?" मग तिनेच पान वाळेपर्यंत रजिस्टर उघडं धरलं.

आता संध्याकाळचे सहा वाजलेत. अजून कोणी खोडलेलं नाही.

शीतल


लालबाग, बुऱ्हाणपूर
२५ जून २०२५

डॉक्टर श्रीकांत ठोसर यांस,

तुमची १८ जूनची झेरॉक्स मिळाली. हस्ताक्षर माझं आहे, सही माझी आहे, नियम माझा आहे. मी चूक केली आणि ती पंचवीस वर्षं चालवली. मी हे लिहायला लाजेन असं तुम्ही धरून चालला होता. मी लाजले. आणि लिहितेय.

सोबत माझं निवेदन जोडलंय, दोन पानी, नोटरीपुढे सही केलेलं. त्यात लिहिलंय की १९ ऑगस्ट १९९६ पासून माझ्या निवृत्तीपर्यंत या दवाखान्यात नर्सेसनी केलेल्या प्रसूती माझ्या हुकुमाने डॉक्टरांच्या नावावर लिहिल्या गेल्या. नियम का केला तेही लिहिलंय, म्हणजे तुमच्या वडिलांचं नाव उगाच मळणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये शीतल नारखेडे हिने खरं लिहिलेलं नाव मी स्वतः खोडलं, हे शेवटच्या परिच्छेदात आहे. ते पान तुमच्याकडे आहे. खोडलेलं नाव रेघेखाली अजून वाचता येत असेल. मी रेघ एकच मारत असे.

चौकशीत पहिलं नाव माझं निघेल म्हणालात. निघू द्या. दुसरं कोणाचं निघेल ते १२ फेब्रुवारीचं कार्ड सांगेल. निवेदनासोबत शारदाबाईंनी त्या कार्डाची प्रत आणि पेपरातला फोटो आनंदाने दिला आहे. त्यांना वाटतंय तुमचा सत्कार आहे.

तुमचे वडील आणि तुम्ही यांच्यात फरक एवढाच आहे. त्यांनी नाव दिलं तेव्हा अंगावर येणारं त्यांनी घेतलं. तुम्ही पेढे घेता, शाल घेता, आणि जिने काम केलं तिने एक कागद मागितला की रजिस्टर पुढे करता.

असीरगढच्या बायका कुठे जातील हा तुमचा प्रश्न खरा आहे, मी त्याला हसणार नाही. उत्तर असं की शिकलेली नर्स तिच्या नावानिशी ठेवलीत तर परत येईल. शीतल परत येणार की नाही ते तीच ठरवेल. तुम्ही तिला परत यावंसं वाटेल असं काही करा. सुरुवात काल सकाळी नऊ वीसच्या नोंदीपासून करता येईल. त्या नावाला हात लावू नका. ते नाव तिथे आहे हे शीतल आणि कविता दोघींना माहीत आहे, आणि आता मलाही.

माफीचा आग्रह मी मागे घेते. शीतलची माफी तुमच्याआधी मी मागायला हवी होती. ते शीतलने आणि मी आमचं बघून घेतलं. तुमचं तुम्ही बघा.

कागदांचा आग्रह मागे घेत नाही. शीतलला हवं ते प्रमाणपत्र असं: सहा ओळी, पाच वर्षं, लेबर रूम, स्वतःच्या हातांनी केलेल्या प्रसूती, खाली तुमची सही आणि शिक्का. त्यासोबत मोकळं केल्याचं पत्र. नोटीसचा महिना पुरा करायचा असेल तर तिची साठलेली रजा त्यात धरा, ती एकोणचाळीस दिवस आहे. ड्यूटीचे तक्ते लावायला मी त्या कविताला शिकवीन, फुकट, पहिल्या मजल्यापर्यंत गुडघा साथ देईल तोवर.

शुक्रवार, २७ जून २०२५, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मला लेखी उत्तर हवं आहे. ते आलं नाही तर शनिवारी सकाळी अकराला मी हे निवेदन घेऊन जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कचेरीत जाईन आणि त्याच दिवशी एक प्रत इंदूरच्या संस्थेला शीतलच्या अर्जासोबत पाठवीन.

उत्तर हो असेल तर दोन्ही कागदांसह द्या. नाही असेल तर "नाही" एवढंच लिहा, पण ते स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याखाली स्वतःचं नाव घाला.

वैजयंती नारखेडे